मोरोक्को : दोन वेळा

सकाळी बस्तीतून जिनदर्शन करून आल्यावर अंगातला झब्बाही न बदलता बाहुबली आवटीनं लॅपटॉप उघडला, आणि ज्ञानकोशातल्या त्याच्या यादीच्या चर्चापानावर कुणीतरी लिहिलेलं ते वाक्य वाचून आधी मान वळवून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात त्याची बायको अरुणा पाठमोरी उभी होती, तिचं कोपर हलत होतं, म्हणजे काहीतरी किसणं चाललं होतं. खाली कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत पिठाची गिरणी सुरू होती. तिची घरघर त्याला फरशीतून, तळपायांना कळत होती. सगळं रोजच्यासारखं होतं. त्यानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. ‘ही यादी ऐकवत नाही. ज्यांनी केली त्यांनी एकदा स्वतः ऐकून पाहावी, म्हणजे कळेल.’ खाली सही होती : पाणकोंबडी. त्याखाली आणखी दहा-अकरा मुद्दे होते, रंगांबद्दल, झेंड्यांबद्दल, मथळ्यांबद्दल. ते त्यानं नजरेखालून घातले, पण नजर परत परत वर जात होती. ऐकून पाहावी. म्हणजे कळेल. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, त्याच्या लिखाणावर कुणी बोट ठेवलं तर त्याला राग यायला हवा होता. राग आला नाही. मानेच्या मागं, केस संपतात तिथं, गार लागलं. कुणाला तरी ठाऊक आहे, असं त्याच्या मनात आलं.

यादी तशी साधी होती. युरोपातल्या देशांची दरवर्षी गाण्यांची एक मोठी स्पर्धा होते. तिच्यात आजवर कोणते देश उतरले, पहिल्यांदा कधी, शेवटी कधी, एकूण किती वेळा आणि त्यांतून जिंकले किती वेळा, एवढा तक्ता. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात, जिथं कुणीही येऊन लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, तिथं हा तक्ता कुणीतरी फार वर्षांपूर्वी अर्धा करून टाकून दिला होता. बाहुबली लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. तिथून निवृत्त झाल्यावर तो घरात बसून औषधांच्या वेष्टनांवरचं शुद्धलेखन तपासायला लागला, तेव्हा उदयसिंह सरनोबतानं त्याला या नादाला लावलं. उदयसिंह ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि ज्ञानकोशात गावांची, नद्यांची पानं लिहायचा. ‘‘अण्णा, तुमची नजर गंजाया लागलीया. हिकडं या, हितं नुसत्या चुकाच चुका हाईत,’’ असं तो म्हणाला होता. बाहुबली आला आणि नेमका या तक्त्यापाशी थांबला. गेली दोन वर्षं तो तक्ता घासूनपुसून लख्ख करत होता. त्यातले बावन्न देश त्याला गल्लीतल्या बिऱ्हाडांसारखे माहीत झाले होते. मोरोक्को एकदाच आला, १९८० साली, आणि पुन्हा फिरकला नाही. लक्झेंबर्ग रुसल्यासारखा निघून गेला तो एकतीस वर्षांनी परत आला. ऑस्ट्रेलिया युरोपात नसून पंगतीला बसलेला. युगोस्लाव्हिया तर देशच उरला नाही, पण तक्त्यात त्याची ओळ आहे, आणि ती ओळ कुणी पुसू शकत नाही. आता ही यादी ‘निवडक’ ठरवायला ठेवलेली होती. आठ-दहा स्वयंसेवक ती तपासणार, शंका विचारणार, आणि सगळं मनाजोगतं झालं तर एक दिवस ती ज्ञानकोशाच्या पहिल्या पानावर झळकणार. आणि या सगळ्या दोन वर्षांत बाहुबलीनं त्या स्पर्धेतलं एकही गाणं ऐकलं नव्हतं.

ऐकलं नव्हतं, कारण ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आधी स गेला. मग श, मग फ, मग त आणि क. छपाईचे खिळे झिजले की छापलेल्या ओळीत जशी पांढरी भोकं पडतात, तशी माणसांच्या बोलण्यात पडायला लागली. फळ, तळ, कळ, सगळं नुसतं अळ. सुरुवातीला त्याला यात एक प्रकारची गंमतही वाटली, कारण तुटक्या ओळीतून शब्द ओळखणं हा त्याचा धंदाच होता. पण कागद समोर पडून राहतो, माणूस पुढं बोलत जातो. हळूहळू त्यानं युक्त्या शोधल्या. उजवा कान जरा बरा होता, म्हणून नेहमी माणसाच्या डाव्या बाजूला चालायचं. आपणच आधी बोलायचं, म्हणजे समोरचा कशाबद्दल उत्तर देणार ते ठाऊक असतं. कुणी हसलं की हसायचं, थांबलं की मान हलवायची, ‘बरं बरं’ म्हणायचं. ‘काय?’ हा शब्द त्यानं तोंडातून काढून टाकला होता. कुणाला कळलं नव्हतं, अशी त्याची खात्री होती. गाणी तेवढी सुटली. रेडिओवरचं गाणं आता रिकामी भांडी कुणी पाटीतून घेऊन चालल्यासारखं वाजायचं. म्हणूनच कदाचित तो त्या तक्त्यापाशी थांबला असेल. सतराशेहून जास्त गाणी, आणि आवाज कशालाच नाही. नुसते आकडे. आकडे झिजत नाहीत.

आणि याच्या बुडाशी होता तवनाप्पा. शिरोळकडच्या गावात बाहुबलीचा थोरला चुलता, जन्मभर ठार बहिरा. सकाळी कट्ट्यावरून तो निघाला की बसलेली माणसं हात जोडून, तोंडभर हसून म्हणायची, ‘‘काय तवनाप्पा, मेला न्हाईस व्हय अजून?’’ आणि तवनाप्पा तितकाच हसून हात जोडायचा आणि म्हणायचा, ‘‘व्हय व्हय, झाक हाय.’’ सगळा कट्टा पोट धरून हसायचा. तवनाप्पाही हसायचा, कारण सगळे हसत होते. एकदा आठ वर्षांचा बाहुबली त्याचं बोट धरून चालला होता, आणि तोही हसला. चुलत्यानं खाली पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते बाहुबलीला पन्नास वर्षांत ठरवता आलं नव्हतं. पण हल्ली चौकात दोन माणसं हसताना दिसली की ते पाहणं त्याच्या अंगावर यायचं, आणि आपल्याला आत्ता कुणीतरी, तोंडभर हसून, काहीतरी म्हणून गेलं असेल, असं वाटायचं. कोण जाणे. पाणकोंबडी रंकाळा तलावावर असते. म्हणजे हे टोपणनाव घेणारं माणूस कोल्हापुरातलंच. म्हणजे ओळखीतलंच.

पहिला संशय उदयसिंहावर गेला, कारण ज्ञानकोशातला ओळखीचा असा तोच एक. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहुबली त्याच्या कॉलेजाबाहेरच्या चहाच्या गाडीवर जाऊन उभा राहिला. उदयसिंह आला तो लांबूनच हात करत. ‘‘अण्णा! आज हिकडं कुठं?’’ त्याचा प्रत्येक शब्द बाहुबलीला स्वच्छ ऐकू येत होता; नेहमीच यायचा. म्हणून तर उदयसिंहाबरोबर बसलं की त्याला आपण धडधाकट आहोत असं वाटायचं. ‘‘ही पाणकोंबडी कोण ओ, सर?’’ बाहुबलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं. ‘‘म्हायती न्हाय की. चारसहा म्हैने झालं, दिसतीया. पर लई बारीक बघती. तिनं माझ्या पंचगंगेच्या पानाचा पार भुगा केलता. तिचं मुद्दं वाचलासा का नीट?’’ बाहुबलीनं मान हलवली. मग उदयसिंह गाडीवाल्याकडं वळून काहीतरी बोलला, आणि गाडीवाला हसला. काय बोलला ते बाहुबलीला कळलं नाही. तो चमकला. हाच माणूस, हेच तोंड, आणि वळला की आवाज खाली पडतो. म्हणजे आपल्याशी तो मुद्दाम मोठ्यानं बोलतो. किती दिवसांपासून? दोन वर्षांपासून? त्यानं चहा अर्धाच ठेवला. गाडीवाला अजून हसत होता. तो कशाला हसत असेल याची बाहुबलीनं घरापर्यंत चाळीस कारणं काढली आणि त्यांतली एकोणचाळीस स्वतःवर येऊन थांबली.

पण उदयसिंह नसावा, असं त्याला चारेक दिवसांत वाटायला लागलं, आणि त्याचं कारण त्या ज्ञानकोशातच होतं. तिथं प्रत्येक पानाला बदलांचा इतिहास असतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी काय बदललं ते सगळं तिथं उमटतं. पाणकोंबडीची सगळी ये-जा दुपारी तीन ते पाच यांमधली होती. त्या वेळी उदयसिंह वर्गात असतो. आणि त्या वेळी अरुणा आतल्या खोलीत मोबाईल घेऊन आडवी झालेली असते, कानांत ती पांढरी बोंडं घालून. हे त्याच्या मनात आलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं वर पाहिलं. अरुणा बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिचं अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन त्याच्यापेक्षाही कडक. पूर्वी ती बस्तीतल्या भजनात म्हणायची, आणि कुणी अर्धा सूर चुकलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. ‘ऐकवत नाही’ हा तिचाच शब्द. त्यांच्या मुलीनं, अपूर्वानं, पुण्याहून तो मोबाईल आणून दिल्यापासून त्या दोघींचं रोज तासतासभर चालायचं, आणि मागच्या आठवड्यात तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा अरुणा बोलता बोलता मधेच थांबली होती. ओठ मिटले होते. हे त्यानं पाहिलं होतं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता त्याला आणखीही आठवायला लागलं. बस्तीत ती हल्ली नेहमी त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहते. पाहुणे काही विचारतात तेव्हा तीच आधी, ‘‘ते विचारतायत, पुण्याला कधी जाणार,’’ असं त्याच्याकडं वळून सांगते, जणू तो लहान पोर आहे. दूधवाल्याशी परस्पर बोलते. प्रत्येक आठवणीला तो उजेडात धरून पाहायचा, आणि प्रत्येकीच्या मागून तेच एक नाव दिसायचं : पाणकोंबडी.

मग त्यानं एक गोष्ट केली, जी त्यानं कधी केली नव्हती. शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, ‘‘मोरोक्को दोनदा आलता म्हणं स्पर्धेत. मी एकदाच धरून चाललोतो.’’ अरुणा म्हणाली, ‘‘असंल,’’ आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला, मोरोक्कोच्या ओळीतला १ पुसला आणि तिथं २ लिहिला. बोट बटणावर ठेवून तो बराच वेळ बसला. आजवर त्यानं हजारो चुका काढल्या होत्या, एकही घातली नव्हती. मालकाच्या चिडण्यावरूनही नाही, लेखकाच्या आग्रहावरूनही नाही. त्या थांबण्यात भीतीइतकीच एक घाणेरडी उत्सुकताही होती. त्यानं बटण दाबलं. अरुणा आतल्या खोलीत गेली. तीन वाजले. सव्वातीन. तीन वाजून छत्तीस मिनिटांनी चर्चापानावर नवी ओळ उमटली : ‘मोरोक्को सकाळपर्यंत एक होता, आता दोन झाला. संदर्भ कुठं आहे?’

तो उठला आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. अरुणा पलंगावर उशीला टेकून बसली होती, हातात मोबाईल, कानांत बोंडं. त्याला पाहून तिनं एक बोंड काढलं.

‘‘मोरोक्को,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘मोरोक्को दोनदा. तुलाच सांगितलंतं, दुसऱ्या कुणाला न्हाय. पाणकोंबडी कोण हाय?’’

ती त्याच्याकडं बघत राहिली. ‘‘कुठली पाणकोंबडी? बरं वाटत न्हाय का तुम्हाला?’’

त्यानं सगळं सांगितलं. वेळा सांगितल्या, ‘ऐकवत नाही’ सांगितलं, फोनवरचं गप्प होणं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते इतकं पक्कं वाटत गेलं, की पानावरचा बदल जगात कुणालाही दिसतो हेही तो विसरला. ‘‘घरात ऱ्हाऊन माझ्यावर हसतीस. सगळ्या जगासमोर लिहितीस. तोंडावर सांगायला काय धाड भरलीती?’’

अरुणानं दुसरं बोंड काढलं. ‘‘तुमची यादी मी बघितलेली सुद्धा न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही कधी दाखवलीत? दोन वर्षं माझ्याकडं पाठ करून बसताय त्या डब्याफुडं. आणि फोनवर काय बोलत होतो ते ऐकायचंय? तुमच्या कानांचं बोलत होतो. अपूर्वाला तिकडं एक डॉक्टर सापडलाय. तुम्हाला कसं सांगायचं, हेच दोघी ठरवत होतो. तुम्ही दुखावाल म्हणून.’’

‘‘माझ्या कानाला काय झालंय?’’

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि हळू आवाजात एक वाक्य म्हटलं. त्यानं मान हलवली. ती वळली. ‘‘काय म्हटलं मी?’’ त्यानं दाराची चौकट धरली. ‘‘मान हलवलीत की. सांगा, काय म्हटलं?’’ गिरणीची घरघर तळपायांतून वर चढत होती. ‘‘सगळ्या गल्लीला ठाऊक हाय,’’ अरुणा म्हणाली, आणि हे मात्र तिनं त्याच्याकडं तोंड करून, सावकाश, एकेक अक्षर सोडवून म्हटलं. ‘‘गिरणीवाल्याला, दूधवाल्याला, बस्तीतल्या पंडितांना. तीन वर्षं. कुणी हसलं न्हाय तुम्हाला. कुणी एका शब्दानं हसलं न्हाय. आणि तुम्ही मला असलं बोलताय.’’

त्या दिवसापासून अरुणा साध्या आवाजात बोलायला लागली. भांडली नाही, रुसली नाही, माहेरी गेली नाही. जेवायला वाढत होती, विचारायचं ते विचारत होती, फक्त जशी कुणाशीही बोलेल तशी. आणि घर एकदम मुकं झालं. बाहुबलीला तेव्हा कळलं, की गेली तीन वर्षं ही बाई या घरात ओरडत होती. भाजीचं ओरडून, पाहुण्यांचं ओरडून, अपूर्वाला दिवस गेल्याची बातमी सुद्धा ओरडून. आणि तो मनात म्हणत होता, वय झालं तशी किती कर्कश झाली ही, पूर्वी कसं गोड बोलायची. आता ती गोड बोलत होती आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तो मान हलवायचा. ती थांबून त्या हललेल्या मानेकडं पाहायची आणि निघून जायची. एवढं होऊनही संशय गेला नव्हता, उलट त्याला जागा मोकळी झाली होती. अरुणा नाही, तर मग कोण? गिरणीवाला? दूधवाल्याचा पदवीधर भाऊ? पंडित? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे म्हणजे पाणकोंबडी कुणीही असू शकते. शनिवारी दुपारी त्यानं पाणकोंबडीच्या स्वतःच्या चर्चापानावर जाऊन लिहिलं : ‘तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक आहे. हिंमत असेल तर समोर या.’

तिच्या आधी समोर आला तो उदयसिंह. सोमवारी सकाळी, जिना धाडधाड चढत. चपलाही न काढता दारातच उभा राहून म्हणाला, ‘‘अण्णा, मोरोक्को तुमी बदललासा?’’ बाहुबली खुर्चीवरून उठला नाही. ‘‘इतिहासात तुमचं नाव दिसतंय. संदर्भ न्हाय, कारण न्हाय. नागपूरच्या एकानं लिवलंय, ही चूक जाणूनबुजून घातल्यासारखी दिसती. मी त्येला शिव्या घालून आलो की काल. म्हटलं, आमचं अण्णा असलं करायचं न्हाईत, जीव गेला तरी. मग म्या स्वतः बघितलं.’’ पहिल्यांदाच उदयसिंहाचा आवाज खाली आला, आणि बाहुबलीला पुढचं ओठांवरून वाचावं लागलं. ‘‘यादी काढून घेतलीया निवडीतनं. ज्यानं केली त्याच्यावरच भरवसा न्हाय म्हणत्यात. का केलासा?’’

का केलं ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ‘‘चुकून झालं,’’ बाहुबली म्हणाला. उदयसिंह वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडं बघावं तसं बघत राहिला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढून त्याच्यापुढं धरला. ‘‘आणि ह्ये. तिचं उत्तर आलंय, बघितलासा का?’’ बाहुबलीनं वाचलं. ‘माझं नाव मोना देसाई. मी आजऱ्याची. भावाच्या काजूच्या कारखान्यात फोनवर मागण्या घेते, दुपारी काम कमी असतं तेव्हा इथं लिहिते. मी पूर्ण अंध आहे. मोबाईल पानं वाचून दाखवतो, ती ऐकते. तुमची यादी त्याला वाचता येत नाही, हे मी मुद्द्यांत सविस्तर लिहिलं होतं. गुरुवारी कोल्हापुरात येणार आहे. तुम्ही समोर या म्हणालात, म्हणून विचारते, कुठं येऊ?’

त्यानं ते तीनदा वाचलं. मग चर्चापान उघडून ते अकरा मुद्दे पहिल्यांदा वाचले, वाचायचे तसे, एकेका शब्दावर थांबून. विजेत्या देशांची ओळ फक्त पिवळ्या रंगानं दाखवलेली. झेंड्यांच्या चित्रांना नावं नाहीत. रकान्याचा मथळा ओळीशी जोडलेला नाही. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. आणि तरीही आत कुठंतरी एक बारीक आवाज म्हणत होता, की आंधळी असल्याचं कुणीही लिहील. कागदावर कुणीही काहीही असू शकतं.

गुरुवारी दुपारी ते उदयसिंहाच्या कॉलेजातल्या नकाशांच्या खोलीत भेटले. मोना देसाई पस्तिशीची, जाड वेणीची, घडी घातलेली पांढरी काठी मांडीवर ठेवून बसलेली. ‘‘आलासा व्हय? बसा की,’’ ती म्हणाली, आणि तिचं तोंड त्याच्या खांद्याच्या जरा वर कुठंतरी वळलेलं होतं. उदयसिंह चहा सांगायला बाहेर गेला. खोलीत दोघंच उरली तेव्हा बाहुबलीनं, आपण काय करतो आहोत हे पुरतं कळत असताना, हात उचलला आणि तिच्या चेहऱ्यासमोरून हळूच फिरवला.

‘‘हात खाली घ्या,’’ मोना म्हणाली. ‘‘वारं लागतंय.’’ मग, त्याला लाजायलाही वेळ न देता, ‘‘सगळीच करत्यात. बसा.’’ तिचा आवाज जाड होता, रोज फोनवर बोलून घासलेला, आणि ओठ स्पष्ट हलत होते. बरंचसं त्याला कळत होतं. ‘‘ऐकवत न्हाय म्हंजे फोन वाचून ऐकवत न्हाय, असं लिवायला पायजे होतं मी. घाईत लिवलं. ऱ्हाऊ दे. आता तुमीच ऐका, मग कळंल.’’ तिनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि बोटानं एकदा ढोसला. मोबाईल बोलायला लागला.

बाहुबली पुढं वाकला. फुग्यातून हवा निसटावी तसा एक आवाज येत होता, भराभर, न थांबता, त्यात अधूनमधून आ, ओ, ऊ. त्यानं उजवा कान जवळ नेला. आ, ओ, ऊ. आवाज थांबला. मोना वाट बघत होती. त्यानं हसून मान हलवली. ती तशीच बसून राहिली. त्यानं आणखी जोरात मान हलवली, अगदी खांदे हलेपर्यंत. भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा होता, वरच्या डाव्या कोपऱ्यात मोरोक्को पिवळा. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. त्याचं हसू कुठंच पोचत नव्हतं, मान हवेत हलत होती. तीन वर्षं ज्याच्यावर त्यानं घर, पेठ, बस्ती सगळं तोलून धरलं होतं, ते या बाईपुढं नव्हतंच. तिला द्यायला त्याच्याकडं फक्त शब्द होता.

‘‘न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘कळलं न्हाय. मला ऐकू येत न्हाय.’’ आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. दारातून चहा घेऊन येणारा उदयसिंह तिथंच थांबला.

‘‘मग बोलायचं की,’’ मोना म्हणाली. ‘‘म्या म्हटलं, माणूस उठून गेला का काय.’’

त्या दिवशी दोघं पाच वाजेपर्यंत बसली. पिवळ्या ओळींना त्यानं शेजारी ‘विजेता’ असा शब्द दिला. बावन्न झेंड्यांना नावं दिली. तो एकेक ओळ मोठ्यानं वाचायचा, ती मोबाईलवर तीच ओळ ऐकायची आणि कुठं अडतं ते सांगायची. नाही कळलं की तो ‘काय?’ म्हणायचा, आणि ती न वैतागता परत सांगायची. पहिल्यांदा ‘काय?’ म्हणताना जिभेवर तो शब्द उष्ट्यासारखा वाटला. नंतर त्यानं मोजायचं सोडून दिलं. चर्चापानावर त्यानं स्वतःच्या नावानं लिहिलं, की मोरोक्कोची चूक मी जाणूनबुजून घातली, कारण खाजगी आहे, माफी असावी. यादी पुन्हा निवडीला ठेवायला चार महिने जावे लागले, आणि तेव्हाही नागपूरकरानं बावन्नच्या बावन्न ओळींचे संदर्भ उघडून पाहिले. पाहू दे, असं बाहुबली म्हणाला. उदयसिंह मात्र पूर्वीसारखा जिना धाडधाड चढून आला नाही. भेटला की बोलायचा, मोठ्यानं बोलायचा, पण बोलण्याआधी एक क्षण बाहुबलीच्या तोंडाकडं बघायचा.

गुरुवारी तो घरी आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अरुणा दिवस मावळायच्या आत जेवणं आटपावीत म्हणून भाकरी थापत होती. तो स्वयंपाकघरात ताट घेऊन पाटावर बसला. काय बोलायचं ते येताना पापाच्या तिकटीच्या चौकापासून जुळवत आणलं होतं. ते सगळं विस्कटलं. ‘‘मी तुला लई वाईट बोललो,’’ तो म्हणाला. ‘‘त्या डॉक्टरची वेळ घे. आणि मला ऐकू येत न्हाय.’’ शेवटचं वाक्य तिला सांगायची काही गरज नव्हती, हे त्याला म्हणून झाल्यावर कळलं.

अरुणाचे हात थांबले. तिनं वळून पाहिलं नाही. तव्याकडं तोंड करूनच ती बोलायला लागली, हळू, बराच वेळ. तिचे खांदे हलत होते, मधे एकदा तिनं मनगटानं नाक पुसलं. त्याला फक्त एक लांबच लांब गुणगुण ऐकू येत होती, वर जाणारी, खाली येणारी, कुठंही न तुटणारी. मान हलायच्या बेतात होती. त्यानं ती आवरली.

‘‘काय म्हणालीस?’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा सांग.’’

ती वळली. डोळे लाल होते, धुरानं असतील किंवा नसतील. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि मग शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, ‘‘भाकरी वाढू का, असं विचारत होते.’’

एवढं लांबलचक बोलणं आणि एवढंसं वाक्य. मधलं गेलं कुठं? मानेच्या मागं, केस संपतात तिथं, पुन्हा गार लागलं, आणि त्याची नजर, सवयीनं, तिच्या मिटलेल्या ओठांवर ती भोकं शोधायला गेली. ‘‘एवढंच?’’ त्यानं विचारलं.

‘‘एवढंच,’’ अरुणा म्हणाली.

त्यानं नजर तिच्या ओठांवरून काढली आणि ताट पुढं केलं. ‘‘वाढ,’’ तो म्हणाला.